कुठलं लोखंड, पोवार?

कांबळे मॅडमांचं आणि माझं पहिलं भांडण एका बाटलीवरून झालं. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. मॅडम संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून बदलून आल्या तेव्हा मला तिथं अकरा वर्षं झाली होती, आणि माझ्या बाटल्यांच्या कपाटाकडं बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती. प्राध्यापक यायचे, जायचे. कपाट माझं होतं. मॅडमांनी पहिल्याच दिवशी चष्मा कपाळावर चढवला, मधल्या फळीवरची एक बाटली उचलली आणि उजेडात धरली.

"पोवार, हे काय आहे?"

"लोखंडाचं द्रावण. लिहिलंय की वर."

"कुठलं लोखंड?"

"लोखंड म्हणजे लोखंड. त्यात आणि कुठलं काय?"

"तुमच्या दारात पावणं आलं आणि म्हणालं, घरात कोण हाय? तर तुम्ही 'माणूस हाय' म्हणून सांगणार व्हय? बायको हाय का सासू हाय, हे पावण्याला कळाय नको?"

मागं चार पोरी फिस्सकन हसल्या. मला राग आला, आणि राग आला तरी त्या दिवशी संध्याकाळी मी एकट्यानं बसून सगळ्या कपाटाच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. लोखंड दोन आणि लोखंड तीन. तांबं एक, तांबं दोन. क्रोमियम तीन हिरवं, क्रोमियम सहा पिवळं. दुसऱ्या दिवशी मॅडमांनी कपाट उघडलं, वरून खालपर्यंत वाचलं, आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुमचं." एवढंच. आमची दोस्ती अशी झाली.

बुटकी, ठेंगणी बाई. चालणं मात्र असं की मागं राहिलेल्याला पळावं लागे. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या, प्रयोगशाळेत आल्या की कोल्हापुरी, इकडच्या बायका बोलतात तसं 'येतो, जातो' करत, आणि रागावल्या की तीही अस्सल गल्लीतली. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात उत्तरपत्रिका, लिंबू आणि भाकरीचा डबा. लिंबू कशाला, हे मी पहिली दोन वर्षं विचारलं नाही, कारण विचारलं की तासभर उत्तर मिळतं हे मला कळून चुकलं होतं. रविवारी त्यांच्या गल्लीतल्या बुद्धविहारात पोरांचा गणित-विज्ञानाचा वर्ग घ्यायच्या. तिथली पोरं म्हणे त्यांना बघितलं की आधी हातातला चहा लपवायची. त्याचं कारणही मला बऱ्याच उशिरा समजलं.

'कुठल्या रूपात?' हा त्यांचा प्रश्न. तो त्या कशालाही विचारायच्या. पाण्यात शिसं सापडलं अशी बातमी आली, तर कुठल्या रूपात? भाजीत जस्त असतं, तर कुठल्या रूपात? सगळ्या स्टाफला ते पाठ झालं होतं. कॅंटीनचे बाबूराव तर मॅडम दिसल्या की लांबूनच ओरडायचे, "मॅडम, आज बटाटा वड्याच्या रूपात हाय!" मॅडम हसायच्या आणि वडा घ्यायच्या. त्यांची चेष्टा केली की त्या कधी रागावल्या नाहीत. अर्धवट उत्तर दिलं की मात्र खैर नसे.

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना त्या एक प्रयोग दाखवायच्या. त्यासाठी माझ्या ड्रॉवरमधला एक खिळा मागून घ्यायच्या. खिळा आम्लात विरघळवायचा, द्रावणाचे दोन भाग करायचे. एक तसाच ठेवायचा, दुसऱ्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं. मग पहिल्यात एका बाटलीतले दोन थेंब, दुसऱ्यात दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब. पहिली नळी शाईसारखी निळी व्हायची आणि दुसरी रक्तासारखी लाल. मागच्या बाकावरची मोबाइलवाली पोरंसुद्धा मान वर करायची.

"खिळा किती होता?" मॅडम विचारायच्या.

"एकच."

"मग हा निळा कोण आणि लाल कोण? दोन्ही लोखंडच. पण तुमच्या आतड्यातल्या पेशीच्या दाराशी दोघं गेले, तर हा सहज आत जातो आणि तो बाहेर ताटकळतो. पेशी वजन बघत नाही. ती रूप बघते. तुमच्या पोटात खिळ्यांचा डबा ओतला तरी रक्त वाढणार नाही."

मी हा प्रयोग पंधरा वेळा तरी बघितला असेल. ती नळी लाल झाली की दरवेळी माझ्या अंगावर काटा यायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांचा हा हट्ट कुठून आला ते एकदा परीक्षेच्या दिवसांत त्यांनीच सांगितलं. बाहेर प्रात्यक्षिक चाललेलं, आम्ही दोघं आत जर्नलांवर शिक्के मारत बसलो होतो. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी एका प्लेटिंगच्या शेडमध्ये कामाला होते. गाड्यांचे भाग चकचकीत करायचे, क्रोमच्या टाकीत बुडवून काढायचे. टाकीवर पिवळी वाफ धरायची. भावाच्या नाकातून रक्त यायला लागलं. घरचे म्हणाले उष्णता, कांदा हुंगव. मॅडम तेव्हा एम.एस्सी. करत होत्या. भावानं मालकाकडचा पाण्याच्या तपासणीचा कागद आणून दाखवला. क्रोमियम किती, तर अगदी थोडं. मॅडमांनी कागद वाचला आणि आईला सांगितलं की काळजीचं काही नाही.

"कागदावर किती ते होतं, पोवार. कुठलं ते नव्हतं. आणि पाण्याचा कागद बघून मी हवेचा निकाल दिला." शिक्का हातात तसाच राहिला होता. "हिरवं क्रोमियम पेशीच्या आत सहसा जात नाही. पिवळं जातं. त्याचा आकार गंधकाच्या एका क्षारासारखा असतो. त्या क्षारासाठी पेशी दार उघडं ठेवते, तर हे त्याच दारातनं आत शिरतं, आणि आत गेल्यावर नासधूस करतं. मला हे पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी."

भावाच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलं. ते काम सुटलं, पुढं त्यांनी वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं, ते आजही ठणठणीत आहेत. राखीपौर्णिमेला मॅडम ओवाळायला लागल्या की ते मुद्दाम जोरात श्वास घेतात, नाकातून शिट्टी वाजते, आणि म्हणतात, "बघ, तुझं क्रोमियम सहा!" मॅडमांनी हे हसत सांगितलं. मग डोळे पुसले आणि पुढचं जर्नल ओढलं.

आता ऋतुजाचं सांगतो, कारण मॅडम म्हटलं की मला तीच आठवते.

ऋतुजा चौगुले दुसऱ्या वर्षाला होती. कागलच्या अलीकडच्या एका गावातून वडापच्या जीपनं यायची. पोलीस भरतीच्या नादाला लागलेली, गोळाफेक चांगली, लेखीही चांगली. घोडं अडायचं ते धावण्यात. आदल्या भरतीला आठशे मीटरमध्ये अर्ध्यातच डोळ्यापुढं अंधारी आली आणि ती मैदानात खाली बसली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठाच्या आसपास. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लोखंडाच्या गोळ्या दिल्या. चार महिने तिनं एक दिवस न चुकवता खाल्ल्या. पुन्हा तपासलं तर आकडा जेमतेम हलला होता. घरी ठरलं होतं, एवढी एक भरती बघायची, नाही झालं तर स्थळ बघायचं. एकदा प्रात्यक्षिकाच्या वेळी ती स्टुलावर डोकं धरून बसली आणि हे सगळं मॅडमांपुढं बाहेर पडलं.

"पोरीच्या अंगातच रक्त न्हाय म्हणत्यात सगळी," ती म्हणाली. "माझ्या नशिबातच वर्दी न्हाय."

"नशिबाचं मला कळत नाही. गोळीची पट्टी दाखव."

तिनं पिशवीतून पट्टी काढली. मॅडमांनी चष्मा खाली घेऊन बारीक अक्षर वाचलं. "गोळी बरोबर रूपात आहे. मग वाटेत कोण अडवतंय? खातेस कधी?"

"सकाळीच की. आई धार काढती, ताजं दूध पेलाभर देती, त्याच्यासंगं. गोळी उष्ण पडती न्हवं?"

"आणि त्यानंतर?"

"च्या."

मॅडमांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मला काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मी गुपचूप दार लावून घेतलं. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. दुधातलं कॅल्शियम त्याच दारात लोखंडाला आडवं येतं. चहातला तुरटपणा तर लोखंडाला असा धरतो की ते सोडवत नाही. चार महिने गोळी पोटात जात होती, पेशीत फारशी जातच नव्हती. गोळी उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची. लिंबू तिला चांगल्या रूपात राखतं. दोन तास दूध नाही, चहा नाही. लगेच त्यांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, कारण 'मी डॉक्टर नव्हे' हे त्या स्वतःलाच बजावायच्या. पलीकडून बाई म्हणाल्या, अहो, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ऋतुजानं मान खाली घातली. सांगितलं होतं, तिनं घरी सांगितलंही होतं, आणि आईनं दुसऱ्या दिवशी पेला पुढं केला होता.

आठवड्यानं विचारलं तर तेच. आई ऐकत नाही.

तेव्हा रविवारी माझ्या मोटरसायकलवर मागं बसून मॅडम तिच्या घरी निघाल्या. मी वाटेत म्हटलं, "मॅडम, आपण कशाला लोकांच्या चुलीत डोकं घालायचं?" त्या म्हणाल्या, "गाडी समोर बघून चालवा."

घर रानातलंच. पुढं गोठा, दोन म्हशी, मागं ऊस. ऋतुजाचे वडील पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळी करून नुकतेच आले होते. आईनं हात पुसत पुसत चटई टाकली. मॅडमांनी विषय काढला, आणि मी तुम्हाला खरं सांगतो, इतकी वर्षं पोरांना शिकवलेल्या ह्या बाईची त्या ओसरीवर पार फजिती झाली. त्या शोषण म्हणाल्या, कॅल्शियम म्हणाल्या, पेशी म्हणाल्या. समोरची बाई नुसती बघत राहिली.

"म्हंजे माझ्या म्हशीचं दूध वाईट हाय म्हणतासा?"

"वाईट नाही हो वैनी, पण..."

"ह्या दुधावर तिचा चुलता पैलवान झाला. गोळीनं पोटात आग पडती पोरीच्या. उपाशी पोटी, वरनं लिंबू? आतडं जाळाय व्हय? मी न्हाय देणार. मी आई हाय तिची."

ऋतुजा दाराला टेकून उभी होती, रडायच्या बेतात. मी चप्पल शोधायला लागलो. मॅडम मात्र उठल्या नाहीत. मान वळवून त्या मागच्या उसाकडं बघत होत्या. उसाची कोवळी पानं हिरवी नव्हती, पांढरट पिवळी पडली होती.

"दाजी, केवडा पडलाय व्हय उसाला?"

वडिलांना हायसं वाटलं असावं. "व्हय की. चुनखडीचं रान हाय. दरसाली पडतोय. हिराकस मुरत घातलाय, चला दावतो."

हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार, दुकानात हिरवट खडे मिळतात. गोठ्याच्या मागं पोत्याखाली शेणखताचा ढीग होता, त्यात ते खडे मिसळून ओलं करून ठेवलेलं. वडील पोतं वर करून दाखवत होते, मॅडम खाली वाकून वास घेत होत्या.

"नुसता का टाकत न्हाईसा? आठ दिवस कशाला मुरवायचा?"

"नुसता टाकून काय उपेग? रानातला चुना त्येला धरून बसतोय. बघा, मातीत लोखंड काय कमी हाय व्हय? ढीगभर हाय. पर उसाला मिळत न्हाय. शेणखतात मुरलं की मग मुळी उचलती. अडाणी माणूस टाकतोय नुसता. पोतं जातंय, आन ऊस तसाच पिवळा."

"दाजी," मॅडम म्हणाल्या, "हे परत एकदा सांगा की. जरा मोठ्यानं. वैनींना ऐकू जाऊ दे."

ते सांगायला लागले. "रानातला चुना लोखंडाला धरून..." आणि तिथंच थांबले. हातात पोत्याचं टोक तसंच. त्यांनी दारातल्या पोरीकडं बघितलं. तिचे ओठ, तिची नखं, उसाच्या त्या पानांसारखीच.

"आयला," ते हळूच म्हणाले. "आमी उसाला करतोय ते पोरीला न्हाय केलं."

पण आई अशी ऐकणारी नव्हती. "उसाचं ऱ्हाऊ द्या. माणूस काय ऊस हाय?"

मग मॅडमांनी दोन काचेचे पेले मागितले. हिराकसाचा एक खडा पाण्यात विरघळवला, दोन्ही पेल्यांत निम्मा निम्मा ओतला. वडिलांच्या तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना एका पेल्यात ढवळला. पाणी गढूळलं, मळकट हिरवा साका झाला, आणि बघता बघता वरून तांबूस व्हायला लागला. दुसऱ्या पेल्यात पिशवीतलं लिंबू पिळलं. ते पाणी नितळ राहिलं. सगळे चटईवर वाकून बघत होते, म्हशी सोडून.

"दूध म्हणजे चुना नव्हे, वैनी. खोटं सांगून मी तुम्हाला पटवणार नाही," मॅडम म्हणाल्या. "दुधाची अडवायची तऱ्हा वेगळी आहे. पण अडवतं ते खरं. तुमचं दूध चांगलंच आहे, फक्त वेळ चुकतीय."

"म्हंजे दूध बंद न्हाय?"

"अजिबात न्हाय. सांजच्याला द्या. दोन पेलं द्या. सकाळी गोळी आणि लिंबाचं पाणी. पोटात आग पडली तर वर भाकरीचा तुकडा द्या, आणि तरी पडली तर डॉक्टरीणबाईंकडं घेऊन जा. दोन महिनं बघा. रक्त न्हाय वाढलं, तर मी हितं येऊन तुमच्या म्हशीच्या पाया पडतो."

आई हसली. पहिल्यांदा. ते पेले मात्र आता पिण्याला वापरू नका, असं मॅडमांनी तीनतीनदा बजावलं.

पुढचे दोन महिने मॅडमांचं कशात लक्ष नव्हतं. वर्गात तेच शिकवणं, तेच जोरदार, पण माझ्याजवळ येऊन बसल्या की म्हणायच्या, "पोवार, नाही वाढलं तर? कारण दुसरंच असलं तर? त्या माउलीनं माझ्यावर विश्वास टाकलाय." मी म्हणायचो, वाढेल. मला काय ठाऊक होतं? पण त्या भावाच्या कागदाचा विचार करत होत्या हे मला दिसत होतं. एकदा निर्णय चुकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा निर्णय द्यायला किती धीर लागतो, हे मी त्या दोन महिन्यांत बघितलं. ऋतुजाला रोज विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून रोज मला विचारायला पाठवायच्या.

महिन्यानं आकडा थोडा वर आला. दुसऱ्या महिन्यानं ऋतुजा पळत पळत जिना चढून आली, कागद पुढं केला. अकराच्या वर. मॅडमांनी कागद हातात घेतला, आणि कागदाआधी तिच्याकडं बघून म्हणाल्या, "तीन मजले पळत आलीस?"

"व्हय की."

"धाप?"

"लई न्हाय."

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आम्ही दोघं काय करावं ते न कळून उभे. मग मी चहा मागवला, आणि ऋतुजा म्हणाली, "मला नको मामा, सकाळची गोळी आत्ता तर खाल्लीय." तेव्हा कुठं त्या हसल्या.

भरतीची धाव आली ती नेमकी मॅडमांच्या निवृत्तीच्या दिवशी. दुपारी चारला कॉलेजात निरोप समारंभ, प्राचार्यांचं भाषण, शाल-नारळ, सगळं ठरलेलं. मॅडम सकाळी सहालाच मैदानाच्या कुंपणाबाहेर हजर. मीही गेलतो. कुंपणाला खेटून पोरींच्या आया, बाप, भाऊ उभे. ऋतुजाची आई पुढंच होती, दोन्ही हातांनी जाळी धरून.

ऋतुजाचा गट सुटला. पहिल्या फेरीत ती मधे होती. ज्या वळणावर ती मागच्या वेळी बसली होती तिथं आली, तेव्हा आईनं डोळे मिटले. मॅडमांनी मिटले नाहीत. "पुढं गेली, वैनी," त्या म्हणाल्या. "पुढं गेली. उघडा डोळे." शेवटच्या शंभरात पोरीनं दोघींना मागं टाकलं आणि चौथी आली. खाली बसली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आम्हाला शोधत होती.

मी मॅडमांशी बोलायला वळलो तर आईच्या भोवती तीन-चार बायका जमल्या होत्या. शेजारची एक विचारत होती की आमची पोर पण गोळ्या खाती, तरी चक्कर येती. आणि ऋतुजाची आई तिला मोठ्या आवाजात सांगत होती, "गोळी दुधासंगं देतासा व्हय? मग कसं वाढंल? दुधात चुना असतोय, त्यो लोखंडाला धरून बसतोय. लिंबातनं द्यायची. सकाळी. च्या न्हाय, काय न्हाय."

दुधात चुना! मी मॅडमांकडं बघितलं. बाटलीवरच्या अर्ध्या चिठ्ठीवरून मला सगळ्यांसमोर धुतलेली ही बाई. आता सुरू होणार, म्हटलं. मॅडम ऐकत होत्या. पूर्ण ऐकलं. आणि चूक काढली नाही.

आमच्या गावात आणि पाच पोरी हायत्या गोळ्या खाणाऱ्या, आई म्हणाली, त्यांच्या आया माझं ऐकत न्हाईत, तुमी चला, ते पेल्यातलं दावा. आणि तिनं मॅडमांचं मनगटच धरलं. ऋतुजा आली, चौघी-पाचजणी मिळून रस्त्याकडं निघाल्या. वडाप थांबलंच होतं. मी मागून पळत गेलो.

"मॅडम! समारंभ चारला हाय. प्राचार्य वाट बघतील. हार पण येऊन पडल्यात."

मॅडम वडापमध्ये चढल्या होत्या. एका बाजूला ऋतुजा, दुसऱ्या बाजूला तिची आई, मांडीवर कापडी पिशवी. ड्रायव्हरनं गाडी हलवली, तेव्हा त्यांनी मान बाहेर काढली.

"हार बादलीत ठेवा, पोवार!" त्या ओरडल्या. "पाणी घालून ठेवा. येतोच मी!"